शिक्षक स्वामी रामानंद तीर्थ

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव मराठवाड्यात आणि बीदर-गुलबर्ग्याच्या सीमाभागात घरोघरी परिचित आहे. प्रतिवर्षी १७ सप्टेंबरला सीमेच्या दोन्ही बाजूंना झेंडावंदन होते. त्या निमित्ताने सत्याग्रह, तुरुंगवास, रझाकारांचा काळ आणि १९४८ ची पोलीस कारवाई यांचे स्मरण केले जाते. या साऱ्या धामधुमीत स्वामीजींच्या चरित्राचा पहिला अध्याय बहुधा दोन ओळींत उरकला जातो. तो अध्याय शाळेचा आहे. सत्याग्रही होण्यापूर्वी जवळजवळ दहा वर्षे ते एका संस्थानी मुलखातील खेड्यात आणि नंतर एका लहानशा गावात मुलांना शिकवीत होते. खडू ठेवून त्यांनी झेंडा हाती घेतला, तोही शाळेच्या मार्गात उभ्या असलेल्या अडचणींमुळेच. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने त्यांच्या चरित्राचा हा भाग आठवणे अधिक उचित ठरेल.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे ३ ऑक्टोबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. सिंदगीचा मुलूख कन्नड आणि त्या वेळी तो इंग्रजी अमलाखालचा होता. शेजारचा गुलबर्गा जिल्हा मात्र निजामाच्या राज्यात मोडत असे. पुढील शिक्षणासाठी व्यंकटेश सोलापुरास आले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा ते सतरा वर्षांचेही नव्हते. त्या दिवशी त्यांनी आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा संकल्प केला. त्या वयात असे संकल्प अनेक जण करीत आणि काही वर्षांत प्रपंचाला लागत. व्यंकटेशांनी मात्र तो अखेरपर्यंत पाळला.

असहकाराच्या चळवळीत सरकारी शाळेवर बहिष्कार टाकून ते अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत गेले. पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून त्यांनी उच्च शिक्षण पूर्ण केले. राष्ट्रीय शाळांची ही लाट १९२० नंतर देशभर उसळली होती. गांधीजींच्या प्रेरणेने अहमदाबादेत गुजरात विद्यापीठ निघाले आणि काशीतही तसेच विद्यापीठ उभे राहिले. यांपैकी बहुतेक लहान शाळा काही वर्षांत बंद पडल्या. परंतु त्यांतून बाहेर पडलेली एक पिढी सरकारी प्रमाणपत्राविना, सरकारी नोकरीच्या आशेविना उभी राहिली. व्यंकटेश खेडगीकर हे त्या पिढीचे होते. शिक्षणानंतर त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्यासमवेत काही काळ काम केले. कामगारांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले ते याच काळात. प्रकृतीने मात्र साथ दिली नाही. पक्षाघातासारख्या विकाराने ते खिळून राहिले आणि ते काम सोडावे लागले. दुखण्यातून उठल्यावर १९२९ मध्ये ते हिप्परग्यास आले.

हिप्परगा हे गाव आज महाराष्ट्राच्या धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात आहे. मंठाळकडील मंडळींना ते परके वाटण्याचे कारण नाही. आजच्या नकाशावर मध्ये राज्याची सीमा दिसते. त्या काळी ही सीमा नव्हती. उस्मानाबाद काय, बीदर काय, गुलबर्गा काय, सारे जिल्हे एकाच निजामाच्या राज्यातले आणि मुलांना शाळेत घालू पाहणाऱ्या पालकाची अडचणही सर्वत्र तीच. ही अडचण नीट ध्यानात घेतल्यावाचून हिप्परग्याच्या शाळेचे महत्त्व कळणार नाही.

हैदराबाद संस्थानात तेलुगू बोलणारे सुमारे निम्मे, मराठी बोलणारे पावभर, कन्नड बोलणारे आणि उर्दू बोलणारे प्रत्येकी आठवा हिस्सा, अशी स्थूलमानाने प्रजेची विभागणी होती. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि माध्यमिक शिक्षणाचीही तीच. प्राथमिक वर्गांत कागदोपत्री मातृभाषेला स्थान होते. पण शाळाच थोड्या आणि त्या भाषा शिकवणारे शिक्षक त्याहून थोडे असल्यामुळे त्या स्थानाला फारसा अर्थ उरत नसे. पुढे शिकायचे तर मराठी किंवा कन्नड घरातल्या मुलाला घरी कधी न ऐकलेल्या भाषेत गणित, भूगोल आणि इतिहास शिकावा लागे. त्यातून जे तरत ते वकील किंवा अहलकार होत. बाकीचे तिसरी-चौथीतच गुरांमागे परतत. १९३१ च्या शिरगणतीत संपूर्ण संस्थानातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास होते. या आकड्यात शहरेही आली. खेड्यांची आणि त्यातही स्त्रियांची स्थिती काय असेल याची कल्पना त्यावरून करावी.

येथे उर्दू भाषेला दोष देण्याची रीत पडली आहे; ती न्याय्य नाही. उस्मानिया विद्यापीठाने १९१८ पासून वैद्यक, कायदा आणि विज्ञान हे विषय एका भारतीय भाषेतून शिकवण्याचे धाडस केले. इंग्रजीवाचून उच्च शिक्षण शक्य नाही, हा समज साऱ्या हिंदुस्थानात पक्का असताना हा प्रयोग झाला. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते काढून शेकडो ग्रंथ तयार करण्यात आले. दुःख इतकेच की आपल्या भाषेतून शिकण्याचा जो न्याय राज्यकर्त्यांनी उर्दूला लावला, तो मराठी, कन्नड आणि तेलुगू मुलांना लावला नाही. ही गोष्ट हैदराबादपुरतीच नव्हती. आशिया आणि आफ्रिकेतील परक्या सत्तेखालच्या कितीतरी देशांत गरिबाच्या मुलापुढे हीच भिंत उभी होती. बालकाचे शिक्षण त्याच्या मातृभाषेतून सुरू व्हावे, असा निर्वाळा युनेस्कोच्या तज्ज्ञांनी दिला तो १९५३ साली.

सरकारी शाळा नाही तर खासगी काढावी, हा मार्गही मोकळा नव्हता. केशवराव कोरटकर आणि त्यांच्यासारख्यांच्या खटपटीने १९०७ मध्ये हैदराबादेत विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यात नूतन विद्यालय सुरू झाले होते; औरंगाबादेत सरस्वती भुवनही उभे राहिले होते. पण १९२४ च्या सुमारास तालीमात खात्याने गश्ती काढून पूर्वपरवानगीवाचून खासगी शाळा चालवण्यास बंदी घातली. गावोगावच्या पंतोजींच्या शाळा, मंदिराच्या ओवरीत किंवा पाटलाच्या वाड्यात भरणारे वर्ग या एका कागदाने बेकायदा ठरले. चार हजारांवर असलेली खासगी शाळांची संख्या अल्पावधीत हजाराच्या घरात आली. पुढे १९२९ च्या सुमारास त्रेपन्न क्रमांकाची कुप्रसिद्ध गश्ती आली आणि परवानगीशिवाय सभा भरवणेही अशक्य झाले. वाचनालय, व्यायामशाळा, गणेशोत्सव, शाळा या सर्वांकडे पोलीस एकाच नजरेने पाहू लागले.

अशा दिवसांत हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा तग धरून होती. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांच्या पुढाकाराने ती १९२१ मध्ये निघाली होती. शहरापासून दूर, आडवळणी खेड्यात शाळा असण्याचा एक लाभ असा की सरकारची दृष्टी तेथवर उशिरा पोहोचते. तोटा असा की पैसा आणि शिक्षकही तेथवर उशिराच पोहोचतात. व्यंकटेश खेडगीकर आले तेव्हा त्यांच्याजवळ पदवी होती, दुखण्यातून उठलेले शरीर होते आणि संसार नव्हता. त्यांनी मुख्याध्यापकपद स्वीकारले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले आणि हा स्नेह आयुष्यभर टिकला.

शाळा निवासी होती. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच आवारात राहत. अध्यापन मराठीतून चाले. सूतकताई, व्यायाम, प्रार्थना आणि श्रमाची कामे यांना दिनक्रमात पुस्तकांइतकेच स्थान असे. शिक्षकांनी पोटापुरते घ्यावे आणि अधिकाची अपेक्षा ठेवू नये, हा अशा शाळांचा दंडकच होता. परीक्षेची मान्यता नसलेल्या शाळेत मुलगा घालणे म्हणजे त्याच्या सरकारी चाकरीवर पाणी सोडणे. तरीही पालक मुले पाठवीत. लिहिणे-वाचणे आपल्या भाषेत यावे आणि अधिकाऱ्यापुढे उभे राहताना मुलाचे पाय लटपटू नयेत, एवढीच त्यांची अपेक्षा असावी. हिप्परग्याच्या शाळेतून आणि तिच्या परिवारातून पुढे मुक्तिसंग्रामाचे अनेक कार्यकर्ते निघाले. परंतु शाळेचे यश केवळ त्यांच्या संख्येने मोजणे योग्य नाही. जी मुले चळवळीत गेली नाहीत, शेतीवर परतली आणि गावात चार माणसांचे कागद वाचून दाखवू लागली, त्यांचाही हिशेब कोणीतरी मांडायला हवा होता.

हिप्परग्यास असतानाच त्यांनी संन्यासाची दीक्षा घेतली आणि व्यंकटेश खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेतलेला पुरुष मठात किंवा तीर्थक्षेत्री जातो, अशी लोकांची समजूत. हा संन्यासी दुसऱ्या दिवशी वर्गावर गेला. भगव्या वस्त्रांमुळे त्यांच्याविषयी आदर वाढला हे खरे, पण त्यांनी त्या आदराचा उपयोग मठ बांधण्याकडे केला नाही. शिष्यपरिवार जमवून गादी चालवणाऱ्या संन्याशांची आपल्या भागात वाण नाही. स्वामीजींभोवती जमला तो विद्यार्थ्यांचा परिवार.

१९३५ मध्ये स्वामीजी आणि त्यांचे काही सहकारी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस गेले. त्या काळी सरकारी दप्तरात या गावाचे नाव मोमिनाबाद होते. तेथील योगेश्वरी विद्यालयाची धुरा त्यांनी उचलली. हिप्परगा हे खेडे होते. अंबाजोगाई मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या परंपरेचे गाव, मराठी भाषेच्या आद्य स्थानांपैकी एक. ज्या गावात मराठी ग्रंथरचनेला इतक्या पूर्वीपासून बहर आला, तेथेच मराठीतून शाळा चालवण्यासाठी परवानगीचे अर्ज करावे लागावेत, यातील विपरीतपणा तेथल्या लोकांना जाणवत नसेल असे नाही. स्वामीजींच्या काळात योगेश्वरीचा लौकिक वाढला आणि दूरदूरची मुले तेथे येऊ लागली. ही संस्था पुढे महाविद्यालयापर्यंत विस्तारली आणि बाबासाहेब परांजप्यांनी आपले आयुष्य तेथेच वेचले.

एव्हाना स्वामीजींच्या मनात एक प्रश्न पक्का झाला असावा. एक शाळा कितीही उत्तम चालवली तरी तिच्या पलीकडे हजारो गावे शाळेवाचून राहतात. नवी शाळा काढायची तर गश्ती आड येते आणि गश्ती बदलायची तर ती बदलणारे कायदेमंडळ लोकांच्या हाती नाही. वर्तमानपत्रावर बंदी, सभेवर बंदी, संघटनेवर बंदी. अशा राज्यात शिक्षणाची मागणी करणे हीच राजकीय मागणी ठरत होती. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. मराठी भागातील शिक्षण आणि नागरी हक्क यांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी निघालेली ही संस्था सौम्य आणि सनदशीर होती. १९३८ मध्ये लातूरच्या अधिवेशनात तिचे चिटणीसपद स्वामीजींकडे आले.

हे पद स्वीकारल्यावर शाळेत राहणे शक्य नव्हते. शाळेचे मुख्याध्यापक चळवळीत आहेत असे दिसताच सरकारने शाळाच बंद केली असती. शिवाय, विद्यार्थ्यांना निर्भयतेचे धडे द्यायचे आणि स्वतः मात्र शाळेच्या कुंपणात सुरक्षित राहायचे, हे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. त्यांनी योगेश्वरी सोडली. त्या वेळी त्यांचे वय पस्तिशीच्या आत होते. वर्गात रमणाऱ्या, अध्यापनात यश मिळालेल्या माणसाला हा निर्णय सोपा गेला नसणार. नंतरच्या आयुष्यात त्यांना पुन्हा नियमितपणे वर्गावर उभे राहता आले नाही.

पुढील दहा वर्षांचा इतिहास सर्वश्रुत आहे. स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि त्यात स्वामीजींना अटक व शिक्षा झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् गाण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतील कित्येकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे या विद्यार्थ्यांपैकी एक. ते अखेरपर्यंत स्वामीजींना गुरुस्थानी मानत. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात स्वामीजी पुन्हा तुरुंगात गेले. १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठल्यावर ते तिचे सर्वमान्य नेते झाले. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र होत असताना ते निजामाच्या कैदेत होते. मधली थोडी मुदत सोडली तर १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करेपर्यंत ते कैदेतच राहिले.

संस्थान भारतात विलीन झाल्यावर सत्तेची पदे त्यांच्या अंगणात आली असती तर नवल नव्हते. स्वामीजींनी मंत्रिपद घेतले नाही आणि शिक्षणाकडे पुन्हा लक्ष वळवले. नांदेडला शिक्षणसंस्था काढून १९५० मध्ये पीपल्स कॉलेज सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. नरहर कुरुंदकरांसारखे विचारवंत पुढे याच महाविद्यालयात प्राध्यापक व प्राचार्य झाले. तोवर मराठवाड्यातील मुलाला महाविद्यालय म्हटले की औरंगाबाद नाही तर हैदराबाद गाठावे लागे. जिल्ह्याच्या गावी महाविद्यालय झाल्यामुळे, घरची भाकरी बांधून आणून शिकणाऱ्या मुलांनाही पदवीची वाट दिसू लागली.

याच १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद. या दोन घटनांची एकत्र नोंद करण्याचे कारण आहे. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील शाळांचे दार कोणाला बंद नव्हते, तरी त्यांत येणारी मुले बहुतांशी ज्या घरांत अक्षरओळख आधीपासून होती किंवा निदान जमीनजुमला होता अशा घरांतली असत. गावकुसाबाहेरचा मुलगा आणि कोणत्याही घरातली मुलगी यांच्यापर्यंत राष्ट्रीय शाळा फार थोड्या प्रमाणात पोहोचल्या. भाषेची भिंत स्वामीजींच्या पिढीने ओळखली. जातीच्या भिंतीला खरा तडा मिलिंदसारख्या संस्थांनी दिला. मराठवाड्याच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना यांपैकी एकच बाजू सांगितली जाते आणि ती कोणती, हे सांगणाऱ्यावर अवलंबून असते.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत स्वामीजी गुलबर्गा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. मराठवाड्याचा म्हणून ओळखला जाणारा हा नेता कन्नड बहुसंख्येच्या मतदारसंघाने निवडून दिला, ही बाब आजच्या वातावरणात मुद्दाम आठवावी अशी आहे. हैदराबाद राज्य एकसंध ठेवावे की भाषेप्रमाणे त्याचे विभाजन करावे, हा त्या काळचा मोठा वाद. पंडित नेहरूंचा कल राज्य मोडू नये असा होता. स्वामीजी विभाजनाच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. लोकांच्या भाषेत शाळा आणि कचेरी चालवायची तर लोकांच्या भाषेचे राज्य हवे, हा विचार हिप्परग्याच्या वर्गापासून त्यांच्यासोबत होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य विभागले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात आणि गुलबर्गा व रायचूर म्हैसूर राज्यात. बीदर जिल्ह्याचे तर तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा मराठवाड्याकडे गेले, काही भाग आंध्राकडे आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूरकडे. भाषिक राज्याने बहुसंख्य मुलांचा प्रश्न सोडवला. परंतु रेषा कोठेही ओढली तरी तिच्या दोन्ही बाजूंना दुसरी भाषा बोलणारी घरे राहतातच. अक्कलकोट आणि जतकडे कन्नड घरे राहिली, तशी भालकी-कल्याणकडे मराठी. राज्यपुनर्रचनेच्या वेळीच सातवी घटनादुरुस्ती झाली आणि घटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय प्रत्येक राज्याने करावी, असे हे कलम सांगते. सीमाभागातील मराठी शाळांना आणि पलीकडच्या कन्नड शाळांना आधार आहे तो या कलमाचा. शिक्षक निवृत्त झाला की दुसरा केव्हा येईल, पाठ्यपुस्तके वेळेवर मिळतील की नाही, चौथी-सातवीनंतर मुलाने कोठे जावे, हे प्रश्न कलमाच्या शब्दांत मावत नाहीत आणि त्यांची उत्तरे त्या त्या गावालाच शोधावी लागतात. ज्या गावात वाचनालय आहे तेथे निदान मुलाच्या हाती आपल्या भाषेचे पुस्तक तरी पडते.

१९५७ मध्ये स्वामीजी औरंगाबादहून लोकसभेवर गेले. त्यानंतर निवडणुकीच्या राजकारणातून ते दूर झाले. विनोबांच्या भूदान चळवळीत त्यांनी भाग घेतला आणि खादी व ग्रामोद्योगाच्या कामात लक्ष घातले. १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि अंबाजोगाई, नांदेड येथील महाविद्यालये त्याला जोडली गेली. ज्या मुलखात खेड्यातल्या शाळेसाठी परवानगीची याचना करावी लागे, तेथे चाळीस वर्षांच्या आत विद्यापीठ उभे राहिलेले त्यांनी पाहिले. हैदराबाद मुक्तिलढ्याच्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या आणि १९६७ मध्ये त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजींचे निधन झाले. बेगमपेठ भागात त्यांची समाधी आहे. १९९४ मध्ये नांदेड येथे नवे विद्यापीठ स्थापन झाले, त्याला त्यांचे नाव देण्यात आले आणि स्थापनेचा दिवस निवडला तो १७ सप्टेंबर. लातूर, परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतील महाविद्यालयेही या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. एके काळी बीदर जिल्ह्यात असलेले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा त्यांतच मोडतात.